बँडस्टँड राहिला: कमाटीबागेतल्या दोन फेऱ्यांचं प्रकरण

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या छोट्या सहलींची जुळवाजुळव गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. माणसं मोजायची, रिक्षा सांगायच्या, कोणाला साखर आणि कोणाचं बीपी ते ध्यानात ठेवायचं. त्यामुळे घरच्या पाहुण्यांना बडोद्याच्या कमाटीबागेत न्यायचं तर त्यात अवघड काय, अशी माझी समजूत होती. माझ्या घरापासून बाग रिक्षाने दहा मिनिटांवर आहे आणि लहानपणापासून मी तिथे किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. तरी पहिली फेरी पार फसली. मंडळाच्या बैठकीत मी ही हकिगत सांगितली, तेव्हा दोघातिघांनी ती लिहूनच काढायला सांगितली.

आधी माणसं. आत्या 82 वर्षांची. माहेर दांडिया बाजारातलं, म्हणजे आमच्याच जुन्या घरातलं. 1965 साली लग्न होऊन गिरगावात गेली आणि नंतर बडोद्याला आली ती लग्नकार्यापुरती, तीही दोन दिवसांसाठी. उजवा गुडघा बदललेला, डावा कुरकुरणारा, हातात काठी. बरोबर आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मुलगी 14 ची, मुलगा 9 चा. आणि मी, 61, सगळ्यांना बाग दाखवणारा.

यादी आतेभावाने गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर केली होती. म्युझियम, चित्रदालन, प्राणिसंग्रहालय, तारामंडळ, फुलांचं घड्याळ, शिवाजी महाराजांचा पुतळा, बँडस्टँड. सात ठिकाणं, वेळ साडेतीन तास. ही बाग 113 एकरांची आहे, हे यादी करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. पाहुण्यांचा हुरूप मोडायचा नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि अर्धी चूक तिथेच झाली.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, मुलांच्या सुट्ट्या लागलेल्या. पाहुणे मंगळवारी रात्री उतरले. बुधवारी सकाळी मी म्हटलं, चला. आतेभावाने हात आडवा केला. "आज बुधवार. बुधवारी बंद असते." इतक्या ठामपणे म्हणाला की मीही मान डोलावली. बेत गुरुवारवर गेला.

बुधवारी बंद असते ती राणीची बाग. भायखळ्याची. हा माणूस जन्मभर मुंबईत राहिलेला, पोरांना दर सुट्टीत तिथे घेऊन गेलेला, त्याच्या डोक्यात प्राणी आणि बुधवार यांची गाठ पक्की बसलेली. बडोद्याचं प्राणिसंग्रहालय बंद असतं गुरुवारी. तो दुसऱ्या शहराचा वार घेऊन आला आणि आम्ही नेमका बंदचा दिवस शोधून काढला.

गुरुवारी निघायलाही उशीर झाला, कारण सेव-उसळ. मुंबईच्या मुलांना बडोद्याची सेव-उसळ खायला घालायची हा माझा हट्ट होता, वर पातीच्या कांद्यासकट. तर्री दोनदा मागून झाली, नंतर चहा, नंतर मुलीची टोपी सापडेना. बागेच्या फाटकाजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी रिक्षा थांबल्या तेव्हा पावणेबारा झाले होते. ऊन 41 च्या पुढचं. सकाळी फिरायला येणारी माणसं केव्हाच घरी गेली होती आणि झाडांखाली कुत्री लोळत होती.

प्राणिसंग्रहालयाच्या दारात पहारेकरी खुर्चीत बसला होता. आतेभाऊ तिकीट मागायला पुढे झाला. "काका, आजे गुरुवार छे. झू बंध." मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. गेले दोन दिवस मी त्याला वाघाच्या गोष्टी सांगत होतो.

तिथून म्युझियमकडे निघालो. आत्याने चालायला सुरुवात केली तेव्हा काठीचं रबरी बूच झिजून एका बाजूला कललेलं मला दिसलं. डांबरी वाटेवर ती काठी टेकली की 'टक' असा लोखंडी आवाज यायचा. दर पाच-सात पावलांनी टक. आम्ही पुढे जात होतो आणि तो आवाज मागे पडत होता. वाटेत एक लोखंडी बाक लागला, सावलीबाहेर. आत्याने त्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. वहिनीने ओढणी अंथरली. "तुम्ही व्हा पुढे," आत्या म्हणाली. आणि आम्ही खरंच पुढे झालो. 82 वर्षांच्या बाईला उन्हातल्या बाकावर एकटं ठेवून पाच माणसं फुलांचं घड्याळ बघायला गेली. घड्याळ छान आहे, 20 फूट व्यासाचं, पण ते बघून आम्ही काय मिळवलं हे आजही मला सांगता येणार नाही. मुलीने दोन फोटो काढले. परत आलो तर आत्या पदराने वारा घेत बसली होती.

म्युझियममध्ये मात्र बरं वाटलं. जाड भिंती, उंच छत, पाय ठेवताच अंगातली काहिली उतरली. ही इमारत 1894 ची. शेजारच्या चित्रदालनाचं बांधकाम 1908 मध्ये सुरू झालं, 1914 ला पुरं झालं, पण मधे पहिलं महायुद्ध आलं आणि लोकांसाठी ते उघडलं 1921 साली. हे सगळं मी आत्याला सांगत होतो आणि ती पहारेकऱ्याने आपणहून दिलेल्या खुर्चीत बसून "हो का" म्हणत होती. मुलं पोचली होती देवमाशाच्या सांगाड्याखाली. 1944 साली मही नदीच्या मुखाशी सापडलेला हा देवमासा 70 फुटांहून लांब आहे. त्याच्या बरगड्यांखाली उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. आतेभाऊ बराच वेळ वर बघत राहिला. "समुद्र आमचा आणि मासा तुमच्याकडे," तो म्हणाला. त्या दिवसातला एवढाच हशा.

मुलीला ममी बघायची होती, आतेभावाला मोगल लघुचित्रं, मुलाला परत देवमासा. या पळापळीत सव्वा तास गेला. बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता. यादीत तारामंडळ, पुतळा आणि बँडस्टँड उरले होते. आतेभावाने यादी पाहिली. "बँडस्टँड सोडून देऊ. तिथे बघण्यासारखं काय आहे? नुसता कट्टा आणि छप्पर." मी म्हटलं, सोडून देऊ. आत्या काही बोलली नाही. मग तारामंडळही सोडलं, पुतळाही सोडला आणि रिक्षा केल्या.

घरी आल्यावर वहिनीने पिशवी रिकामी केली. आत्यासाठी घेतलेली पाण्याची बाटली झाकणापर्यंत भरलेली. एक घोटही कमी नाही.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या. आत्या वहिनीला हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि मी पलीकडे झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला संध्याकाळी बोट धरून बँडस्टँडवर नेलेलं तिला आठवत होतं. बँड वाजायचा, पितळी वाद्यं चकाकायची, तिच्या हातात शेंगदाण्यांचा पुडा असायचा. हे तिने स्वतः पाहिलं की आजोबांकडून ऐकलं, ते तिलाही नीट सांगता येईना. बडोदा संस्थान 1949 च्या मे महिन्यात मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा ती सहाच वर्षांची होती. मग 1956 साली बागेत आलेल्या आगगाडीबद्दल बोलली. राजवाड्यातल्या मुलांसाठी आणलेली ती छोटी वाफेची गाडी लोकांसाठी बागेत आली, तेव्हा ती 13 वर्षांची होती, आणि "आता मोठी झालीस" म्हणून आजीने तिला बसू दिलं नव्हतं. भाऊ बसला होता, म्हणजे माझे वडील. या अन्यायाचा राग 82 व्या वर्षीही ताजा होता. शेवटी म्हणाली, "बँडस्टँड राहिला. जाऊ दे."

मग वहिनीने विचारलं, "पाणी का नाही प्यायलात दिवसभर?"

"प्यायले असते तर जायला लागलं असतं ना. कुठे जायचं ते कोणाला विचारू? तुम्ही सगळे पुढे."

मी उठून बसलो.

चुका मोजायच्या तर वार चुकला, वेळ चुकली, काठी चुकली. पण या तिन्ही दुसऱ्या सकाळी दुरुस्त होणाऱ्या. वार फोन करून कळतो, वेळ गजर लावून साधते, बूच खंडेराव मार्केटच्या बाहेर मिळतं. खरी गोची यादीची होती. सात ठिकाणांच्या यादीत एकही ठिकाण आत्याने सांगितलेलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा. बँडस्टँड यादीत आला तोही मोबाइलने सांगितला म्हणून, आणि गेला तोही तिथे 'काही नाही' म्हणून. ज्या एका जागेसाठी ती साठ वर्षांनी आली होती, ती आम्ही तिच्यादेखत खोडली.

पाण्याबद्दल थोडं लांबवतो, कारण मंडळाच्या सहलींत हेच घडत असणार आणि मला चार वर्षं पत्ता नाही. आपल्या वयस्क बायका बाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणी तोडतात. सांगत नाहीत. मग दुपारी चक्कर येते, आपण म्हणतो ऊन लागलं, आणि लिंबू सरबत करून देतो. बाटली बरोबर घेणं म्हणजे पाण्याची सोय नव्हे. आत शिरताच 'इथे जाता येईल, हे बघून ठेव' असं कोणीतरी, शक्यतो बाईने, दाखवून ठेवावं लागतं. वहिनीला मी हे सांगायला गेलो, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धंच सोडलं. तिने स्वतःही दिवसभर पाणी प्यायलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी एकटा बागेत गेलो आणि पावलं मोजली. हा वेडेपणा वाटेल, पण आत्या एका दमात दीडशे पावलांच्या वर जात नाही हे गुरुवारी लक्षात आलं होतं. रिक्षा जिथे थांबू शकते तिथून पहिला सावलीतला बाक किती पावलांवर, तिथून पुढचा किती, असं बँडस्टँडपर्यंत मोजत गेलो आणि बिलाच्या पाठीवर लिहिलं: 90, 140, 110, 210. शेवटचा टप्पा लांब पडत होता, मधे बाक नव्हता. तिथे घडीचं स्टूल लागणार. स्वच्छतागृह बघितलं. येताना काठीला नवं बूच घेतलं.

मोजता मोजता एक गोष्ट डोक्यात आली, जरा अवांतर आहे. आम्ही या बागेला सयाजीबागही म्हणतो आणि सगळं श्रेय सयाजीराव महाराजांना देतो. बाग 1879 ची. महाराजांचा जन्म 1863 चा, दत्तक आले 1875 मध्ये आणि पूर्ण अधिकार मिळाले 1881 च्या डिसेंबरात. म्हणजे बाग झाली तेव्हा ते 16 वर्षांचे, अजून शिकत होते, आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. श्रेय कमी करायचा माझा हेतू नाही. पुढे बागेतच म्युझियम आणि चित्रदालन उभारून तिला लोकांची शाळा केली ती महाराजांनीच. पण 16 वर्षांचा मुलगा आपल्या शहरात एवढी मोठी बाग उभी राहताना बघतो, हे चित्र मला जास्त आवडलं. आणि मुंबईचा नमुना काही फार वेगळा नाही. राणीची बाग 1862 ची, तिच्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चं. झाडं, प्राणी आणि संग्रहालय एकाच फेरीत बघायला मिळावं ही त्या काळाचीच रीत. एका दिवसात सगळं उरकायची घाई मात्र आपली.

शनिवारी सकाळी सहा वीसला मी आणि आत्या, दोघंच निघालो. आतेभावाला पटत नव्हतं, पण वहिनीने त्याला गप्प केलं. रिक्षात मी आत्याला सांगितलं, आपण फक्त बँडस्टँडला जातोय, तुला वाटेल तेवढा वेळ बसू, दुसरं काही बघायचं नाही. ती म्हणाली, "दुसरं बघायचंच कुठे होतं?"

आत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह दाखवलं. तिने मान हलवली आणि बाकावर बसताच पिशवीतली बाटली स्वतः काढली. सकाळची बाग वेगळीच असते. हास्यक्लबवाले हात वर करून ओरडत होते, पोपटांचा कलकलाट चालू होता, फिरणाऱ्या बुटांची एक लय होती. दुसऱ्या बाकावर एक गुजराती आजोबा सरकून बसले. "तमे क्यांना?" आत्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अमे तो अहींना ज. दांडिया बजार." पुढे दहा मिनिटं ती गुजरातीत बोलत होती. अडखळत, मधेच मराठी क्रियापद लावत, पण बोलत होती. गिरगावात साठ वर्षांत ती भाषा घरात लागली नव्हती. सूरसागर, न्यायमंदिर, त्यांची शाळा, हिची शाळा. मला वाटलं आता बँडस्टँड पुन्हा राहतो. पण घाई करायची नाही असं ठरवून आलो होतो, म्हणून गप्प बसलो.

210 पावलांच्या टप्प्यात स्टूल एकदा उघडावं लागलं. फिरायला आलेल्या दोन बायका थांबल्या, काही हवंय का विचारलं. आत्या म्हणाली, "छे, मी बसलेय." ऐटीत.

बँडस्टँडपाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. ती जवळ गेली, खांबावर तळहात ठेवला, वर छपराकडे पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, काहीतरी होईल अशा अपेक्षेने. ती म्हणाली, "इतकाच होता?"

मग समोर बसली. पन्नास मिनिटं बसली. मधे एकदा म्हणाली की आजोबा या बाजूला उभे राहायचे, मग म्हणाली की नाही, त्या बाजूला. एकदा मोबाइलवर बँड लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नको, कशाला?" बरं झालं. अर्धी बाटली संपली होती.

बाकीची मंडळी प्राणिसंग्रहालय उघडायच्या वेळेला आली. आता ओझं वाटून घेतलं होतं: वहिनी आत्यापाशी सावलीत, मी आणि आतेभाऊ मुलांबरोबर. वाघ झोपलेला होता, त्यामुळे माझ्या दोन दिवसांच्या गोष्टी फुकट गेल्या. पण पुलावरून विश्वामित्रीकडे बघताना मुलाने काठावरच्या चिखलात मगर हेरली. आधी त्याला वाटलं लाकूड आहे. तिने जबडा उघडला तेव्हा त्याने माझा दंड धरला. "ही पण प्राणिसंग्रहालयातलीच ना?" म्हटलं, नाही रे, ही नदीतली. इथेच राहते. त्याला खरं वाटेना. शहराच्या मधोमध पिंजऱ्याबाहेरची मगर, हे मुंबईच्या पोराच्या पचनी पडायला वेळ लागला. आम्हा बडोदेकरांना पुरात ती सोसायटीच्या फाटकाशी दिसली तरी फार नवल वाटत नाही.

अकराच्या आत सगळे घरी. तारामंडळ आणि पुतळा याही वेळी राहिलेच. कोणाची तक्रार नव्हती, आतेभावाची थोडी होती.

या प्रकरणानंतर मंडळाच्या सहलीचा कागद मी बदलला. आधी त्यावर नाव, वय, औषधं आणि फोन एवढंच असायचं. आता खाली एक ओळ वाढवली आहे: 'तिथे तुम्हाला कुठे बसायचं आहे?' पुढच्या महिन्यात कमाटीबागेतच 14 जणांना घेऊन जायचं आहे. नऊ जणांनी ओळ कोरी सोडली, एकाने 'कुठेही' लिहिलं, दोघींनी एकाच झाडाखालचा बाक लिहिला, स्वतंत्रपणे. त्या दोघी एकमेकींशी तीन वर्षं बोलत नाहीत. एका काकूंनी 'मगर दिसेल तिथे' असं लिहिलंय.

आणि एका काकांनी देवमाशाखाली, असं लिहिलंय. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. म्युझियम उघडतं साडेदहाला, तोवर ऊन डोक्यावर येतं, आणि बाकीच्या तेराजणांना मी दहाच्या आत घरी पोचवायचं कबूल केलंय. त्यांच्यासाठी साडेदहाला वेगळी रिक्षा करावी असं मनात आहे, पण त्यांच्याबरोबर कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही.